मुनीरभाईंचा कान

भामरागडच्या गाडीत माझी कंडक्टरची पिशवी वीस वर्षं एकाच माणसाने लुटली, आणि ती लूट मी शेजारी बसून मोठ्या आनंदाने पाहिली. सरकारी पैशाची अशी राजरोस चोरी होताना टाळ्या वाजवायची संधी कितीशा कंडक्टरांना मिळते?

लुटणाऱ्याचं नाव मुनीरभाई कल्हईवाले. मूलला राइस मिलच्या भिंतीला टेकून त्यांची एक खोली होती. धान निघालं, थंडी पडली, की आठवड्यातून एकदा ते माझ्या गाडीत चढत. सोबत भाता, छोटी ऐरण आणि नवसागराच्या वासाची लाकडी पेटी. भामरागडच्या बाजारात दुकान मांडत. पितळेच्या भांड्यांना कल्हई हा सांगायचा धंदा. खरा धंदा कड्यांचा. तिकडच्या माडिया बाया जुन्या रुपयांच्या माळा घालतात. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर धागा ओवायला एक इवलीशी कडी झाळावी लागते. कडी पक्की बसली पाहिजे आणि रुपयावरच्या सिंहांच्या आयाळीचा एक केसही जळता कामा नये. हे काम चंद्रपूरपासून भामरागडपर्यंत त्यांच्यासारखं कोणाला जमत नव्हतं.

लुटायची रीत अशी. माझ्या मागच्या सीटवर बसायचं, तिकिटासाठी शंभराची नोट काढायची आणि म्हणायचं, "मधू, सुटे दे. सारे सिक्के दे." मग पायाशी ठेवलेल्या ऐरणीवर एकेक नाणं टाकायचं. टण. डोळे मिटलेले, मान डावीकडे कललेली, चेहरा गवयाचा. अख्खी गाडी गप्प. टण. "हा ठेवतो." टण. "हा तुले परत. लोखंड आहे." चामोर्शी येईपर्यंत माझ्या पिशवीत नुसतं पोलाद उरलेलं असायचं. तांब्या-निकेलचे जुने दोन-पाच रुपये सगळे त्यांच्या पेटीत.

"सिक्क्याच्या दोन किमती असतात," ते सांगत. "एक छापलेली, एक वितळलेली. जुना पाचाचा जाड सिक्का घे. वितळवला तर पाचाच्या वर माल निघते. लोकं त्याचे दाढीचे पाते करून इकून राह्यले होते म्हनतात. मंग सरकार शहानं झालं. आता छाप महाग अन् माल सस्ता."

हीच फूटपट्टी ते माणसांना लावत. आमचा ड्रायव्हर नामदेव अत्यंत तुसडा. त्याच्याविषयी म्हणत, "छापून चार आने, वितळून दोन रुपये." तालुक्याच्या एका पुढाऱ्याविषयी म्हणत, "छापून पाचशे. वितळवू नोको, भट्टी खराब होईन." मी माझी किंमत विचारली तर म्हणाले, "तू चालता सिक्का आहेस, मधू. चालत राह्य. तुले कोन वितळवते?" हा मान होता की अपमान, ते मी वीस वर्षं ठरवतोय.

खरं बोलून त्यांचं फारसं भलं झालं नव्हतं. त्यांच्या पोरवयात वीस पैशांचं कमळाचं पिवळं नाणं निघालं आणि त्यात सोनं मिसळलंय अशी आवई उठली. मूलमध्ये घरोघरी वीस पैसे लपवले गेले. मुनीरभाईंच्या वडिलांच्या दुकानापुढे अंगठ्या करून घ्यायला रांग लागली. वडील गप्प राहून अंगठ्या करत होते. एका वरबापाने छाती फुगवून विचारलं, "का हो, सोनं किती निघन यातून?" भाता मारणारे मुनीरभाई म्हणाले, "तांबं आहे चाचा, थोडं ॲल्युमिनम. सोनं तुमच्या डोक्यात आहे." रांग तासाभरात ओसरली. वडिलांनी चिमटा फेकून मारला. त्याची खूण भुवईवर होती, आणि ती ते पदकासारखी दाखवत.

"बापानं मारलं, पन कान नाई मारला," ते म्हणत. "कान माझा खरा राह्यला."

त्या खोलीत मात्र ते हळूहळू स्वतःच कोंडले गेले होते. खाटेखाली तेलाचे पाच डबे होते आणि त्यांत माझ्या पिशवीतून आणि अर्ध्या तालुक्यातून वेचलेलं तांबं-निकेल भरलेलं. एक अख्खा डबा नुसत्या चाराण्यांचा. मग एक दिवस सरकारने चाराणे बंद केले. छापलेली किंमत गेली. वितळलेली मिळवावी, तर नाणं वितळवणं गुन्हा. आयुष्यभर वितळलेली किंमत सांगणाऱ्या या माणसाने एक नाणं कधी भट्टीत टाकलं नव्हतं. भंगारवाला डब्याला हात लावेना. मुलगा नागपूरला बोलवत होता, पण डबे सोडून जावं कसं, आणि पाच डबे नाण्यांचे घेऊन बसमध्ये चढावं कसं? चोर येईल म्हणून ते खिडकीसुद्धा उघडत नसत.

"चालत नाई, इकत नाई, टाकवत नाई," खाटेवर बसून ते म्हणाले. "मी त्याहिले पकडलं का त्याहिनं मले, काई समजत नाई, मधू."

आणि भिंतीपलीकडे राइस मिल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरघर, खाट हलायची, पाण्याचा ग्लास थरथरायचा. चाळीस वर्षं. त्या घरघरीने काय केलं ते मला एका सकाळी कळलं. गाडीत त्यांच्या मागे उभा राहून मी म्हटलं, "मुनीरभाई, टोपीवर पाल आहे." ते सावकाश वळले आणि म्हणाले, "हो हो, आष्टीले चहा घेऊ."

त्यानंतर मी नीट पाहू लागलो. ऐरणीवर नाणं पडत होतं, डोळे मिटत होते, मान कलत होती. नाटक पहिल्यासारखंच होतं. फक्त नाणं उचलताना त्यांचा हात मांडीवरच्या फडक्याला लागून जायचा. फडक्यात चुंबक होता. स्टीलचं नाणं त्याला चिकटायचं, तांब्या-निकेलचं चिकटत नसे. कान गेला होता, त्याच्या जागी चुंबक आला होता. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून वाचत.

मी त्यांना पकडलं तेव्हा ते रागावले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "कोनाले सांगू नोको. भामरागडले लोकं माझ्या हाताले नाई येत, कानाले येतात. हा कान माझा छाप आहे."

मी शब्द दिला. इतकंच नाही, डेपोतल्या मेकॅनिककडून मोडक्या लाउडस्पीकरचा आणखी जोरकस चुंबक आणून दिला. मला त्यात गंमत वाटली होती. पुढे जे झालं त्यात माझा वाटा असेल तर तो त्या चुंबकाइतका.

त्या थंडीत भामरागडच्या बाजारात बुदरीबाई आली. सत्तरीची, काटक, गावात तिचा शब्द चालायचा. गळ्यातून काढलेली एकोणीस रुपयांची माळ तिने मुनीरभाईंच्या पुढ्यात ठेवली. एका रुपयाची कडी तुटली होती. उन्हाळ्यात नातीचं लग्न होतं, आणि आजीच्या गळ्यातली माळ त्या दिवशी नातीच्या गळ्यात जायची होती. मागे तिची सून मैनी टोपली घेऊन उभी. नवरा वारल्यापासून मैनी सासूजवळच राहत होती. घरात या दोघी आणि मैनीची ती मुलगी, एवढीच माणसं. गाडीला परत निघायला दोन तास होते, म्हणून मी शेजारी फुटाणे खात बसलो होतो.

मुनीरभाईंनी तुटल्या कडीचा रुपया ऐरणीवर टाकला. डोळे मिटले. मान कलली. हात फडक्याकडे गेला, आणि थांबला. त्यांनी दुसरा रुपया पाहिला. तिसरा. एकोणीसच्या एकोणीस चुंबकाने ओढले.

"बुदरीबाई," ते म्हणाले, "हे लोखंड आहे."

"तूच तर केली माळ. माझ्या लग्नात."

"मी केली असन तर निकेलची केली असन. हे ते नाई. कोनं तरी बदलवली."

बाजारात हे वाक्य मिठाच्या ढिगापासून कोंबड्यांपर्यंत क्षणात पोचलं. एरवी माळ घरात मडक्यात असायची. घरात माणसं तीन. सगळ्यांच्या माना मैनीकडे वळल्या. मैनीने सासूकडे पाहिलं. बुदरीबाईने माळ उचलली, फडक्यात बांधली आणि चालू लागली. ती सुनेला चोर म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही.

आठवड्याच्या आत मैनी बापाच्या गावी निघून गेली. मुलीने सांगितलं, आई नाही तर लग्न नाही. लग्न थांबलं. ही बातमी मीच मुनीरभाईंना दिली, कानाशी तोंड नेऊन. ते म्हणाले, "खरं कडूच असते, मधू." भुवईवरच्या खुणेवरून बोटही फिरवलं.

पुढचा श्रावण. माझी सुट्टी होती, बाहेर धार लागली होती, आणि मी मुनीरभाईंच्या खोलीत चहा पीत चुंबकाशी खेळत होतो. माझ्या किल्ल्यांना एक जुना सिंहछाप रुपया आहे. ओळख झाली त्या वर्षी मुनीरभाईंनीच दिलेला. तेव्हा त्यांचा कान शाबूत होता. ऐरणीवर वाजवून त्यांनी सांगितलं होतं, "सुद्ध निकेल. यात तांबं पन नाई. जुन्या माळेले हाच लागे. जपून ठेव." मी चुंबक किल्ल्यांजवळ नेला. रुपया टुणकन उडाला आणि चिकटला.

मला हसू फुटलं. रुपया त्यांच्या डोळ्यांपुढे धरून मी ओरडलो, "मुनीरभाई, तुमचं शुद्ध निकेल लोखंडाचं निघालं की हो."

ते हसले नाहीत. रुपया ओढून काढला, पुन्हा जवळ नेला, पुन्हा चिकटला. असं चार-पाच वेळा. मग खाटेवर बसले.

"हा मी कानानं देल्ला होता," ते म्हणाले. "चुंबकानं नाई. हा खोटा असूच शकत नाई." त्यांनी चुंबक फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला. "म्हंजे चुंबक निकेललेबी ओढते. तांबं मिसळलं का नाई ओढत. सुद्ध असलं का ओढते. मले कोनं सांगतलंच नाई, मधू. कान होता तोवर चुंबकाची गरजच नाई पडली. कान गेल्यावर आल्या त्या माळा साऱ्या नंतरच्या, तांबंवाल्या रुपयाच्या."

मी म्हटलं, "मग ती माळ?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

श्रावणात भामरागडच्या रस्त्याला कावळासुद्धा विचार करून जातो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मुनीरभाई भाता, ऐरण आणि पेटी घेऊन स्टँडवर हजर. गाडीत त्यांनी मला बेत सांगितला. बाजारात जायचं नाही. बुदरीबाईच्या गावाजवळ उतरायचं, तिला एकटीला गाठायचं, हळूच सांगायचं, कडी झाळून द्यायची आणि परत फिरायचं.

"आन् मैनीले?" मी विचारलं.

"बुदरीबाई सांगन."

"आन् बाजारातल्या लोकांले?"

"त्याहिले माझ्या मेल्यावर तू सांग."

आलापल्ली सोडली आणि पाऊस असा आला की वायपर शरमेने थांबला. बुदरीबाईच्या गावाच्या अलीकडे एक नाला आहे. तो पुलावरून वाहत होता. नामदेव काही न बोलता गाडी फिरवून मागे निघाला. चार किलोमीटरवर मागचा नाला, जो आम्ही अर्ध्या तासापूर्वी सहज ओलांडला होता, तोही पुलावर चढला होता. पुढे पाणी, मागे पाणी. मध्ये चार किलोमीटर डांबर, दोन्हीकडे जंगल आणि एकच गाव.

"हे मैनीचं गाव," मुनीरभाई म्हणाले. त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

बाकीचे सात प्रवासी उतरून शाळेच्या ओट्यावर गेले. नामदेवही गेला. मुनीरभाई उतरेनात. ती रात्र त्यांनी सीटवर काढली, दुसरी सकाळही. मी खाली-वर करत राहिलो. त्यांना बाहेर पडायचे रस्ते शोधायला मी पुष्कळ मदत केली, कारण थापा हा माझा आवडता प्रांत आहे. मी म्हटलं, सांगा की माळ बदलणाऱ्याने गुपचूप परत आणून ठेवली. ते म्हणाले, "कोनं परत आनली? पुन्हा मैनीच येते." मी म्हटलं, सांगा की ऐरण खराब होती. ते म्हणाले, "ऐरण खराब होते काय कधी?" मी म्हटलं, सांगा की त्या दिवशी सर्दी होती, कान बसला होता.

त्यावर ते थांबले. ही थाप बरी होती. त्यांनी ती दोनदा हळू आवाजात म्हणून पाहिली. "सर्दी होती बाई, कान बसला होता." मग डोकं हलवलं. "उद्या आनखी कोनाची माळ आली, तं? तवाबी सर्दी?"

गाडीच्या टपावर पाऊस वाजत होता. मला तो ऐकू येत होता, त्यांना नव्हता. ते काचेवरचं पाणी पाहत होते.

दुपारी गावातल्या बाया जेवण घेऊन आल्या. भात आणि वास्त्यांची भाजी, म्हणजे कोवळ्या बांबूची. आमच्या खिडकीशी मैनी आली. तिने काचेवर टकटक केलं. मुनीरभाईंनी पाहिलं नाही. तिने विळ्याची मूठ पत्र्यावर आपटली. हादरा बसला तसे ते वळले आणि काच सरकवली. पानावरचा भात आत आला, मागोमाग तिचा आवाज.

"खाली उतरा ना, भाऊ. आमच्या गावात चोरी होत नाई. मी इथीच राह्यतो, तरी नाई होत."

बाया हसल्या. मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पानाकडे पाहण्यात वाक्य पोचलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं. पण मी ते इतक्या जोरात सांगितलं की शाळेच्या ओट्यावरून नामदेव उठून उभा राहिला. मी मुद्दाम तसं केलं का, हे मला आजही विचारू नका.

बायांचं हसणं थांबलं. मैनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"याहिले ऐकू येत नाई?" तिने विचारलं.

मी पिशवीचा पट्टा सारखा केला.

"कधीपासून?"

हा प्रश्न मुनीरभाईंना ओठांवरून कळला असावा. त्यांनी भाताचं पान सीटवर ठेवलं, पेटीतून फडकं काढलं आणि दीड दिवसानंतर पहिल्यांदा गाडीतून खाली उतरले. चिखलात, पावसात, टोपी न घालता. फडकं सोडून चुंबक मैनीच्या हातावर ठेवला.

"हा माझा कान," ते म्हणाले. "चार वर्ष झाले. तवापासून साऱ्याहिले फसवून राह्यलो." मग माझ्याकडे हात पसरला. मी किल्ल्या दिल्या. त्यांनी सिंहछाप रुपया चुंबकाजवळ नेला. तो उडून चिकटला. "हा सुद्ध निकेल. माळेतले रुपये असेच. चुंबक लोखंडालेबी ओढते अन् यालेबी. मले माहीत नवतं. माळ खरी आहे, बाई. कोनी बदलवली नाई. तू काई केलं नाई."

आता ती रडेल, असं मला वाटलं. नाटकात रडते. मैनीने चुंबक विळ्याला लावून पाहिला, चिकटला. गाडीच्या पत्र्याला लावला, चिकटला. माझ्या रुपयाला पुन्हा लावला. स्वतःच्या कानातल्या पितळी बाळीला लावला, नाही चिकटला. सगळं स्वतः तपासून झाल्यावर तिने तो परत केला.

"हे मले काऊन सांगून राह्यले?" ती म्हणाली. "मले तं माहीतच होतं."

मी हे वाक्य कानात सांगितलं. या वेळी हळू. मुनीरभाईंनी मान खाली घातली.

"तिकडं सांगतो," ते म्हणाले. "साऱ्यांहिसमोर. तू चाल माझ्यासंगं."

"मी नाई येत. तिले यायचं तं येईन."

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पाणी थांबलं नाही. पुढच्या नाल्याच्या पलीकडे लोक पूर पाहायला आले होते. गावातल्या एकाने तोंडाला हाताचा भोंगा करून त्यांना निरोप दिला. दुपारनंतर पलीकडच्या गर्दीतून बुदरीबाई पुढे आली. एवढ्या लांबूनही गळ्यातली माळ दिसत होती. भंगारात दिली नव्हती तिने. उलट आज घालून आली होती.

अलीकडे मैनी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मध्ये तीस-चाळीस हात लाल पाणी, अख्खी झाडं घेऊन निघालेलं. दोघी माडियात बोलू लागल्या, म्हणजे ओरडू लागल्या. आता माझी पंचाईत ऐका. मला ऐकू सगळं येत होतं, पण माडियाचा एक शब्द कळत नव्हता. मुनीरभाईंना पन्नास वर्षांच्या बाजारांमुळे माडिया चांगली येत होती, पण ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझी कॉलर धरली.

"बोल, मधू. ती जे म्हनते ते जसंच्या तसं माह्या कानात बोल."

मग मी त्या काठावर जन्मातली सर्वांत अवघड तिकिटं फाडली. पलीकडून आवाज यायचा, मी त्याचा जमेल तसा मुडदा पाडून त्यांच्या कानात ओतायचो, ते डोळे मिटून मान डावीकडे कलती करायचे, आणि मराठीत मला परत द्यायचे.

"बुदरीबाई म्हनते, मी तुले चोर म्हटलं नवतं."

अलीकडून मैनी ओरडली. मी ते ओतलं.

"मैनी म्हनते, नाई बी म्हटलं नवतं."

पलीकडे बुदरीबाईने गळ्यातली माळ मुठीत धरली. एक झाड वाहत गेलं. मग बुदरीबाईचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

"म्हनते, मी त्या कानावर भरोसा ठेवला. माझ्या घरातल्या मानसावर नाई ठेवला." मुनीरभाईंनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. "म्हनते, पानी उतरलं का मी येतो तुले न्यायले."

मैनी पाण्याकडे पाहत नुसती उभी राहिली. पण परतही फिरली नाही.

तेव्हा मुनीरभाई पुढे झाले. चुंबक डोक्यावर धरला आणि पलीकडच्या पंधरा-वीस माणसांना ऐकू जाईल असं माडियात बोलू लागले. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाची पट्टी कळत नाही, त्या दिवशी ते उपयोगी पडलं. ते काय बोलले त्याचं भाषांतर करायला मला कोणी उरलं नव्हतं. पण पलीकडची माणसं एकमेकांकडे पाहू लागली, तेव्हा मला कळलं की छाप गेला.

बोलून झाल्यावर ते तसेच हात वर करून उभे राहिले. बुदरीबाईने काहीतरी विचारलं. मी कानात ओतलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनते, कडी अजून तुटलीच आहे. भाता आनला काय?"

चौथ्या दिवशी सकाळी पाणी गुडघ्याला आलं. बुदरीबाई एका हाताने नऊवारीचा ओचा आणि दुसऱ्या हाताने नातीचा खांदा धरून अलीकडे आली. सासू-सुना भेटल्या की काय, ते मी पाहिलं नाही. नामदेव हॉर्न वाजवत होता आणि मी प्रवासी मोजत होतो. मुनीरभाई चढले नाहीत. त्यांनी उरलेल्या तिकिटाचे पैसे मागितले नाहीत, आणि माझ्या किल्ल्यांचा रुपयाही परत दिला नाही. तो त्यांनी ठेवून घेतला.

पुढच्या महिन्यात माझा रूट बदलला. नंतर ते मूलला फारसे राहिले नाहीत असं कळलं, आणि एका उन्हाळ्यात ते गेल्याचंही स्टँडवरच कळलं. डब्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या सकाळचं, गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलेलं.

मोहाच्या झाडाखाली ओल्या मातीवर त्यांनी ऐरण मांडली होती. नात भाता मारत होती. बुदरीबाई गळा मोकळा करून उकिडवी बसली होती. मुनीरभाईंनी कडी झाळलेला रुपया उचलला आणि ऐरणीवर टाकला. डोळे मिटले नाहीत. मान कलली नाही. ते मैनीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मैनीने ऐकलं, थोडा वेळ घेतला, आणि होकाराची मान डोलावली. मग त्यांनी तो रुपया माळेत ओवला.